घरी केलेलं व्हील अलाइनमेंट टिकत नाही? आधी मोजमाप तपासा

रविवारी चार तास घालून टो (वरून पाहता चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते) बसवला. सोमवारी गाडी सरळ पळाली, स्टिअरिंग मधोमध, मी खूश. पुढच्या रविवारी सहज म्हणून मोजायला पुन्हा दोऱ्या लावल्या, तर पुढे ३ मिमी टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं आत. टाय रॉड (चाकाला वळवणारा, लांबी कमी-जास्त करता येणारा दांडा) फिरवून शून्यावर आणलं. त्याच्या पुढच्या रविवारी २ मिमी टो-आउट! गाडी मागच्या चाकांवर चालणारी, दोन सीटची, कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉक) घातलेली, त्यामुळे पहिला संशय सस्पेन्शनवर. बोल्ट सैल झाले असतील, बुश (सांध्यांतली रबरं) गेले असतील, स्टिअरिंगच्या रॅकमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला असेल. सगळं हलवून पाहिलं, टॉर्क रेंच फिरवला. सगळं घट्ट.

चौथ्या रविवारी वेगळंच केलं. मोजलं, कशालाही हात लावला नाही, दोऱ्या सोडल्या, गाडी दहा मीटर पुढे-मागे ढकलली आणि दोऱ्या नव्याने लावून पुन्हा मोजलं. फरक अडीच मिमी. म्हणजे इतके दिवस मी गाडीतला दोष काढतच नव्हतो, माझ्या मोजण्यातली चूक इमानेइतबारे टाय रॉडवर चढवत होतो.

तेव्हापासून माझा क्रम ठरलाय. मोजलेला आकडा पुन्हा मोजल्यावर तोच येतो का, हे आधी बघायचं, आणि तो येईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. आकडा तोच येतोय पण काही दिवसांनी सरकतोय, तर गाडीत खरोखर काहीतरी सरकतंय. आकडा पक्का आहे तरी गाडी नीट चालत नाही, तर ती तिसरीच भानगड. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की माणूस माझ्यासारखा रविवार घालवत बसतो.

किती अचूकता लागते

१८ इंची रिमच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर साधारण ४९ सेंमी असतं (१८ इंच हे टायर जिथे बसतो तिथलं माप, कड त्याहून मोठी). एवढ्या अंतरावर १ मिमी म्हणजे सुमारे ७ मिनिटं कोन, आणि एक पूर्ण अंश म्हणजे जवळपास साडेआठ मिमी. बऱ्याच गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये टोला दिलेली सूट दहा-पंधरा मिनिटांच्या घरातली असते. म्हणजे तुमच्या पद्धतीतच दोन मिमीची ढिलाई असेल तर ती सगळी सूट तिथेच संपली. अर्ध्या मिमीच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी घ्या आणि लक्ष्य ठेवा: सलग तीन वेळा, दर वेळी गाडी हलवून आणि दोऱ्या नव्याने लावून, प्रत्येक चाकाचा आकडा अर्ध्या मिमीच्या आत जुळला पाहिजे. वहीत चारही चाकांचे वेगळे आकडे लिहा. नुसता एकूण टो (डाव्या-उजव्याची बेरीज) लिहिलात तर पुढे काहीच शोधता येणार नाही.

मोजायची रीत थोडक्यात: गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या केंद्राच्या उंचीवर, ताणलेली दोरी. रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर, मग मागच्या कडेपासूनचं. पुढचं अंतर जास्त असेल तर ते चाक टो-इन, कमी असेल तर टो-आउट. उंची महत्त्वाची आहे. केंद्राच्या उंचीवर दोन्ही कडा मोजल्या तर कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) या हिशोबात लुडबुड करत नाही.

आकडा दर वेळी वेगळा येतो

सगळ्यात मोठा गुन्हेगार जॅक. गाडी उचलली की चाकं खाली लोंबतात आणि लोंबताना आतल्या बाजूला सरकतात. खाली उतरवली की टायर जमिनीला चिकटून तिथेच अडकतो. बाहेर सरकायला त्याला जागाच मिळत नाही. गाडी थोडी उंच, चाकं वाकडी आणि टो भलताच. बॉनेट दोन-चार वेळा दाबून हे सुटत नाही. गाडी निदान पाच-सहा मीटर लोटावी लागते. शेवटची हालचाल पुढच्या दिशेची असावी आणि ब्रेक न लावता गाडी आपोआप थांबावी, कारण मागे लोटताना बुश आणि जॉइंटवरचा ताण उलट्या दिशेने बसतो आणि आकडा त्या ताणासकट मोजला जातो. थांबल्यावर हँडब्रेक ओढू नका, एका चाकाला ठोकळा लावा.

दर वेळी लोटण्याइतकी जागा नसेल तर चाकांखाली सरकत्या प्लेट हव्यात. त्या विकत घ्यायची गरज नाही. दोन गुळगुळीत पत्रे किंवा प्लास्टिकच्या लाद्या, मध्ये भरपूर ग्रीस, झालं. फक्त चारही चाकांखाली सारख्या जाडीच्या ठेवा, नाहीतर कॅम्बर मोजताना नवं दुखणं.

दुसरा गुन्हेगार दोरी. चार स्टँड चार कोपऱ्यांत ठेवून दोऱ्या बांधल्या की एकाला पाय लागतोच, आणि स्टँड ३ मिमी सरकला हे डोळ्यांना दिसत नाही. त्याचा परिणाम मोजून बघा. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २५०० मिमी असेल आणि दोन्ही दोऱ्या मिळून मागच्या बाजूला ३ मिमी एकीकडे गेल्या असतील, तर प्रत्येक चाकाच्या आकड्यात सुमारे ०.६ मिमी चूक येते, एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणे. गंमत अशी, की एकूण टो बरोबरच येतो! दोऱ्या एकमेकींना समांतर असतील तर बेरजेत चूक पुसली जाते, फक्त स्टिअरिंग तिरकं बसतं. पण एकच दोरी सरकली असेल तर बेरीजही चुकते. तुमचा एकूण टो जुळतोय आणि डावं-उजवं जुळत नाही, तर दोऱ्यांची जोडी तिरकी आहे. बेरीजच जुळत नसेल तर दोऱ्या समांतर नाहीत, नाहीतर जॅकचा प्रकार.

यावरचा उपाय स्टँड अधिक जड करणं नव्हे. गाडीच्या पुढे आणि मागे आडवे दोन सरळ पाइप ठेवा, दोन्हींवर नेमक्या त्याच अंतरावर खाचा पाडा आणि दोऱ्या त्या खाचांतून न्या. आता दोऱ्या समांतर आहेत की नाही हा प्रश्नच मिटला. पाइप डावी-उजवीकडे सरकवून दोन्ही बाजूंची अंतरं सारखी करणं एवढंच उरतं. पुढच्या दोन चाकांच्या केंद्रांपासून दोऱ्यांची अंतरं आपसात सारखी, मागच्या दोनांची आपसात सारखी. पुढची आणि मागची एकमेकांशी सारखी असायलाच हवीत असं नाही. बहुतेक गाड्यांची पुढची आणि मागची ट्रॅक रुंदी (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) वेगळी असते. हे माहीत नसल्यामुळे चारही अंतरं सारखी करून दोऱ्या स्वतःच तिरक्या लावणारे मी पाहिलेत. मी स्वतःही त्यातलाच, पहिल्या वेळी. केंद्र मोजताना एका चाकाची टोपी हरवलेली, एका बाजूला वेगळा स्पेसर, असलं काही नाही ना तेही बघा.

दोरी म्हणून सुतळी नको. मासेमारीचा बारीक नायलॉन दोरा घ्या, तो ताणला की झोळ पडत नाही. पट्टी आडवी आणि दोरीला काटकोनात धरा. जरा तिरकी झाली की आकडा वाढतोच, कमी कधी होत नाही, म्हणून पट्टी थोडी वर-खाली हलवून सगळ्यात कमी दिसणारा आकडा घ्यायचा.

मग रिम. कमी उंचीच्या टायरवर खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो आणि कड मिलिमीटरभर आत-बाहेर होणं फार सहज. ती वाकडी कड आज पुढे आली, उद्या मागे आली, की टो बदलल्यासारखा दिसतो. रिमवर खडूने खूण करा, मोजा, गाडी एवढी लोटा की चाक नेमकं अर्धा फेरा फिरेल, पुन्हा मोजा. दोन्हींची सरासरी हा खरा टो. फरक कायमचा मोठा असेल तर अलाइनमेंट बाजूला ठेवून आधी रिम दाखवा.

स्टिअरिंगचं मधोमध म्हणजे डोळ्यांना सरळ दिसणारं नव्हे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा, त्याच्या अर्ध्यावर रॅकचं केंद्र. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून दोन्हीकडे थोडं हलवा, मध्यावर आणा, इंजिन बंद करा, मग पट्ट्याने सीटला बांधून टाका. मोजताना कुणी दार उघडायला गेलं आणि स्टिअरिंगला हात टेकला की सगळं पहिल्यापासून.

कॅम्बरचा आकडा नाचत असेल तर बहुधा जमीन. ट्रॅक १५०० मिमी आणि डाव्या-उजव्या चाकाखालच्या जमिनीत १० मिमी फरक असेल तर कॅम्बर जवळपास ०.४ अंश चुकतो, आणि दोन बाजूंना उलटा चुकतो, म्हणजे डाव्या-उजव्यातला फरक दिसतो पाऊण अंशाचा. ओळखायची सोपी युक्ती आहे: गाडी वळवून, तोंड उलट करून त्याच जागी उभी करा. जास्तीचा कॅम्बर आता दुसऱ्या चाकावर गेला असेल तर दोष जमिनीचा. जमीन मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते. पारदर्शक नळीत पाणी भरा, हवेचे बुडबुडे काढा, चारही चाकांच्या जागी पातळी बघा, कमी असेल तिथे पातळ प्लायचे तुकडे सरकवा. जागेवर रंगाने खुणा करून ठेवल्या की पुढच्या वेळी हा तास वाचतो.

उरलेल्या गोष्टी पटकन. हवेचा दाब चारही टायरमध्ये ठरलेला, गार असताना भरलेला. टाकी दर वेळी सारखीच भरलेली. गाडी बहुतेक वेळ एकट्यानेच चालवत असाल तर सीटवर स्वतःच्या वजनाइतकी वाळूची पोती. हलक्या गाडीत, मऊ स्प्रिंगवर, चालक बसल्याने डाव्या-उजव्याचा फरक चांगला दिसतो. डिकीतलं सामान, तेही.

आकडा जुळतो, पण काही दिवसांनी सरकतो

इथे पहिली शंका लॉक नटवर. टो बरोबर बसवला, लॉक नट आवळला, आणि आवळताना त्याच्याबरोबर टाय रॉडही थोडा फिरला. थोडा म्हणजे किती? टाय रॉडचा आटा बऱ्याच गाड्यांत १.५ मिमी पिचचा असतो. स्टिअरिंगची भुजा १३० मिमी धरली तर एका पूर्ण फेऱ्याने त्या चाकाचा टो सुमारे साडेपाच मिमी बदलतो. पाव फेरा म्हणजे जवळपास दीड मिमी. नट आवळताना रॉड दुसऱ्या पान्याने धरून ठेवा, आणि आवळल्यानंतर पुन्हा मोजा. आवळण्याआधीचा आकडा वहीत लिहूच नका. रॅकच्या रबरी बुटाचा क्लॅम्पही आधी सैल करायचा असतो, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळला जातो आणि काही दिवसांनी फाटतो.

मग एक्सेन्ट्रिक बोल्ट, म्हणजे फिरवला की आर्मला थोडं सरकवणारा बोल्ट. माझदा एमएक्स-५च्या पहिल्या दोन पिढ्यांत खालच्या आर्मला प्रत्येक चाकाशी असे दोन बोल्ट आहेत. पुढे त्यांच्यावर कॅम्बर आणि कॅस्टर (बाजूने पाहता चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल), मागे कॅम्बर आणि टो. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या पुढच्या स्ट्रटला (शॉक आणि स्प्रिंगचा खांब) वरचा बोल्ट याच जातीचा. नट कमी आवळला असेल, वॉशरखाली गंज किंवा ग्रीस असेल, तर जोरात वळण घेताना किंवा खड्ड्यात हे बोल्ट फिरतात. आवळून झाल्यावर बोल्टचं डोकं, वॉशर आणि आर्म या तिन्हींवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की मोजायच्या आधीच कारण कळलं. मॅन्युअलमध्ये एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट असतील तर ते नवेच घाला, तिथे काटकसर नको. कॅम्बर प्लेट आणि लांबट भोकांचे स्ट्रट यांनाही रेघेचाच उपाय.

बुशची गोष्ट जरा वेगळी. बऱ्याच आर्मच्या रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. ते घसरत नाही, पिळलं जातं. चाकं लोंबत असताना आर्मचा बोल्ट आवळला तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहतं आणि गाडीला थोडं वर धरून ठेवतं. चालवता चालवता ते सैलावतं, गाडी बसते, आणि तिच्याबरोबर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात. म्हणून हे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना, नेहमीच्या उंचीवर, शेवटचे आवळायचे. त्यासाठी गाडीखाली जावं लागत असेल तर चाकं रॅम्पवर घ्या. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही.

स्प्रिंग नवे असतील तर तेही थोडे बसतात. कॉइलओव्हरची उंची बदलली, अगदी एका कोपऱ्याची दोन फेरे, तरी अलाइनमेंट जुनं झालं असं समजा. त्यामुळेच कामाचा क्रम मोडू नये: आधी दाब, वजन आणि उंची, मग कॅस्टर, मग कॅम्बर, शेवटी टो, आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी. कॅम्बर हलवला की टो हलतोच. कोणत्या दिशेने ते टाय रॉड कुठे आणि किती उंचीवर जोडलाय त्यावर अवलंबून. आधी टो आणि मग "कॅम्बर जरा वाढवतो" असं केलंत की घरी बसवलेला टो घरीच घालवला.

आणि प्ले. चाक उचलून नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा: खटका लागला तर टाय रॉडचा एंड किंवा रॅक. बारा आणि सहाला लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. प्ले असलेल्या गाडीचं अलाइनमेंट होत नाही, फक्त मोजल्याचं समाधान होतं.

आकडा पक्का, तरी गाडी वाकडी

सरळ रस्त्यावर स्टिअरिंग तिरकं राहत असेल तर पुढे बघण्याआधी मागे बघा. मागच्या डाव्या चाकाला २ मिमी टो-इन आणि उजव्याला शून्य असेल तर एकूण टो चांगला दिसतो, पण मागची चाकं गाडीला १ मिमीच्या हिशोबाने, म्हणजे ७ मिनिटं, एकीकडे ढकलत राहतात. गाडी खेकड्यासारखी किंचित तिरकी चालते आणि ते सावरायला तुम्ही स्टिअरिंग तिरकं धरता. मागचा टो दोन्हीकडे सारखा केला की बरेचदा पुढे काही करावंच लागत नाही. लागलं तर एका बाजूचा टाय रॉड जितका लांबवाल तितकाच दुसरा आखूड करा, एकूण टो जागेवर राहतो. स्टिअरिंगचं चाक काढून एक दाता सरकवून सरळ बसवणं हा मोह टाळा. तसं केलं की रॅक कायमचा केंद्राबाहेर.

गाडी एकीकडे ओढत असेल आणि आकडे सरळ असतील तर पुढचे टायर डावे-उजवे बदला (टायर एकाच दिशेने फिरणारे नसतील तरच). ओढ बाजू बदलून आली तर टायरचा दोष, त्याला कुठलाही टाय रॉड पुरा पडणार नाही. तशीच राहिली तर कॅस्टर मोजा: चाक २० अंश बाहेर वळवून कॅम्बर घ्या, २० अंश आत वळवून पुन्हा घ्या, दोन आकड्यांतल्या फरकाला दीडने गुणा, आलेला अंदाज पुरेसा आहे. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. रस्त्याचा उतार एकीकडे असेल तर तोही ओढतो, तेव्हा चाचणी एकाच रस्त्यावर दोन्ही दिशांनी घ्या.

टायर आतल्या कडेला झिजतोय म्हणून लोक लगेच कॅम्बर कमी करतात. थांबा. तळहात टायरच्या नक्षीवरून आडवा फिरवा, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं तर तो टो आहे. दोन अंश निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) आतली कड सावकाश खातो, पण त्याच्या जोडीला नको असलेला टो-आउट आला की तीच कड बघता बघता संपते. आधी टो नीट करा, मग कॅम्बरला दोष द्या.

ब्रेक दाबला किंवा उंचवटा आला की गाडी इकडेतिकडे जात असेल आणि उभ्या गाडीचा टो अगदी बरोबर असेल, तर गाडी फार खाली घेतल्यामुळे बंप स्टिअर वाढला असावा. खालचा आर्म आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत फिरायला लागतात आणि चाक वर-खाली होताना टो बदलत राहतो. एक कोपरा २०-३० मिमी वर आणि तेवढाच खाली घेऊन टो मोजलात तर दिसेल. याला दोऱ्यांकडे औषध नाही. उंची वाढवा किंवा टाय रॉडच्या एंडची उंची जुळवणारा किट बघा.

सगळं झाल्यावर ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागला तर घाबरू नका. स्टिअरिंगचं मध्य बदललं की त्याच्या कोनाच्या सेन्सरला जुनंच मध्य खरं वाटत असतं. काही गाड्या स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवल्यावर स्वतः शिकतात, काहींना स्कॅन टूलने सांगावं लागतं. कोणत्या प्रकारची ते मॅन्युअलमध्ये असतं. लेन ओळखणारा कॅमेरा असेल तर त्याच्या कॅलिब्रेशनबद्दलही तिथेच बघा. सेन्सर नीट होईपर्यंत पहिली फेरी हळू मारा आणि वळणावर गाडीला डिवचू नका. सरळ चाललेली गाडी वळतेय असं समजून ईएससी एखाद्या चाकाचा ब्रेक मध्येच ओढू शकतं.